चाळीसच्या वर नाही

वैशाखी अमावास्येच्या उधाणात जीप रुतली,
बुरोंडीच्या बंदरावर, बर्फाच्या सोळा लाद्यांसकट.
चारही चाकांचा गियर टाकला
तशी आणखी खाली बसली,
म्हशीसारखी, निवांत.
पाणी बॉनेटला लागलं तेव्हा मी
लाद्या मोजत होते. दुसरं काय करणार.

दापोलीचा गॅरेजवाला म्हणाला, भंगारात घाला,
वजनावर बरे पैसे येतील.
बशीर होडेकर म्हणाला, आधी उघड तरी.

चाळीस वर्षं त्याने लाँचींची इंजिनं बांधली.
आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
लुंगी सावरून तो माझ्या पडवीत
प्लास्टिकच्या खुर्चीवर बसतो.
पाने माझ्या हातात, इंजिन त्याच्या डोक्यात.

फणसाच्या फांदीला चेनपुली.
बेल हाउसिंगमधून मूठभर वाळू पडली
आणि कुर्लीचं एक पिल्लू, वाळून कागद झालेलं.
"भाडं दिलंन काय?" बशीरने विचारलं.

दोन महिने मासेमारी बंद, होड्या झापांखाली,
बर्फाची फॅक्टरी गप्प.
या दिवसांत लोखंडाला एका रात्रीत
गंजाचं मिसरूड फुटतं,
म्हणून जे उघडलं त्याला लगेच तेल.
बोल्ट करवंट्यांत, करवंट्यांवर खडूचे आकडे.
सातवी मांजराने उलथली.
त्या दिवशी मी मांजराला आणि बशीरला
सारख्याच शिव्या दिल्या.

दोन नंबरचा पिस्टन चिकटलेला.
रॉकेल ओत, थांब. ओत, थांब.
तिसऱ्या दिवशी लाकडाचा ठोकळा ठेवून एक ठोका,
आणखी एक,
आणि बंद खोलीतून कुणी "हं" म्हणावं
तसा तो सरकला.

क्रँकच्या जर्नलवरून बशीर नख फिरवतो.
"अडतं. इथे. दिसतंय तुला?"
मला काही दिसत नाही, सगळं लख्ख आहे.
मी माझं नख फिरवते.
अडतं.

क्रँक गोधडीत गुंडाळून एसटीने खेडला नेला.
कंडक्टरने गोधडी बोटाने उचकटून पाहिली
आणि न बोलता सामानाचं तिकीट फाडलं.
लाइनर, पिस्टन, रिंगा मुंबईहून आले.
बिल मी कुणाला दाखवलेलं नाही.
इथेही सांगत नाही.

एक, तीन, चार, दोन.
भात रोवळीत धुताना मी म्हणते,
कपडे वलणीवर टाकताना म्हणते.
एक, तीन, चार, दोन.
दोनाचा नंबर शेवटी लागतो
आणि त्याला त्याचं काही वाटत नाही.

नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी हवा काढली.
आधी फेस, मग बुडबुडे,
मग एकच बुडबुडा, रेंगाळलेला,
मग नितळ डिझेल माझ्या मनगटावरून.
हीटर. वीसपर्यंत मोजले.
स्टार्टर. काही नाही.
स्टार्टर. पांढरा धूर, एक शिंक.
"इंजेक्टरांचे नट ढिले कर, अजून हवा आहे."
हे त्याला शिंकेवरून कळलं.

तिसऱ्यांदा
फणसावरचे कावळे उडाले.

बशीर चाचपडत आला,
रॉकर कव्हरवर तळवा ठेवून उभा राहिला,
तापेपर्यंत.
आम्ही काही बोललो नाही,
बोललो असतो तरी ऐकू आलं नसतं.
मग माझ्या कानाशी तोंड आणून तो ओरडला,
"चौथा टॅपेट वाजतो!"

पहिले पाचशे किलोमीटर चाळीसच्या वर नाही,
चढाला ओढायचं नाही.
रिंगांची लाइनरशी ओळख होऊ दे, म्हणतो.
म्हणून आता फॅक्टरीपासून बंदरापर्यंत
रिक्षा मला मागे टाकतात,
उतारावर शाळेतली पोरंसुद्धा, सायकलींवरून, हात सोडून.
ओल्या गोणपाटाखाली लाद्या घटत जातात,
मागे डांबरावर पाण्याची बारीक रेघ.
तांडेल ओरडतो, बर्फ मागवलावता गो, पाणी काय आणलंस!
मी त्याला मीटरवरचा आकडा दाखवते.
तीनशे बारा.